शुभाच्या मापाचं पॅराशूट

मी आरोग्य खात्यात निरीक्षक होतो. हॉटेलांची स्वयंपाकघरं, मिठाईवाल्यांच्या मागच्या खोल्या, बर्फाचे कारखाने आणि फरसाणाच्या भट्ट्या तपासण्यात माझी एकोणतीस वर्षं गेली. पार्ल्याला आमच्याकडे नवीन पाहुणे आले की नलिनी, म्हणजे माझी बायको, त्यांना आधीच सांगून ठेवायची, "हे काही बोलले तर मनावर घेऊ नका. यांना सगळ्याचीच किळस येते." ते खरंच होतं. पण १९८५ सालच्या हिवाळ्यात मला जी किळस आली, तिच्यापुढे तेलाच्या कढईत पडलेली झुरळं काहीच नव्हती.

शुभा आमची एकुलती एक. तेव्हा चोवीस वर्षांची, मुलुंडच्या एका औषध कंपनीत केमिस्ट. उंची पाच फूट साडेदहा इंच, वजन चोपन्न किलो. तयार कपडे तिला कधी बसलेच नाहीत. बाही मनगटाच्या वर चार बोटं राहायची आणि कंबरेत आणखी एक मुलगी मावेल इतकी जागा असायची. शेवटी ती स्वतःचे कपडे स्वतःच शिवायला शिकली.

तिच्या कंपनीतल्या कुणीतरी एका साहस मंडळाचं पत्रक आणलं. जानेवारीत घाटाच्या पलीकडे एका धावपट्टीवर पॅराशूटचा वर्ग होणार होता. शुभाने नाव दिलं आणि मग घरी सांगितलं. नलिनी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. मी बरंच बोललो. शुभाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, काय खाऊ नका हे तुम्ही रोज अख्ख्या मुंबईला सांगता. मला फक्त एवढंच सांगा, हे नीट कसं करायचं."

पुढच्या रविवारी मी तिच्याबरोबर मंडळात गेलो.

मंडळाचा प्रशिक्षक सोंधी नावाचा होता. सैन्यातून लवकर बाहेर पडलेला कॅप्टन. मंडळाकडे सहा पॅराशूटं होती आणि सहाही मध्यम बांध्याच्या पुरुषांच्या मापाची. त्याने शुभाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं, "एवढी लांब आणि एवढी बारीक मुलगी आमच्या एकाही हार्नेसच्या पट्ट्यांत राहणार नाही. स्वतःचा सेट घ्या. अंधेरीला माझ्या ओळखीचा माणूस आहे." त्याने कार्ड दिलं. त्यावर चंद्रप्रकाश हे नाव आणि अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतला एक गाळा नंबर होता.

गाळा पाहून मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. आजूबाजूला लेथ मशिनांचा काळा चिखल, आणि या दारात मात्र चपला बाहेर काढायला लावल्या. आत एअरकंडिशनर, पांढऱ्या लाद्या, फिनेलचा दाट वास. चहा आला तो बशीत एक थेंबही न सांडता. चंद्रप्रकाश चाळिशीचा होता. मानेवर पावडर, शर्टाला इस्त्री, आवाजात तूप.

"काका, ताईंचं काम माझ्यावर सोडा," तो म्हणाला. "फॉरेनचा माल आहे. अमेरिकन. एकदम स्पोर्टी."

त्याने प्लास्टिकच्या आवरणातून निळी-केशरी पाठपिशवी काढली. तिला चहूबाजूंनी रुंद पट्टे होते. पिशवीत वर-खाली दोन कप्पे. खालच्यात मुख्य छत्री. ती उघडली नाही तर जीव वाचवायला दुसरी, राखीव छत्री वरच्या कप्प्यात. वरचा कप्पा बंद होता आणि त्याच्या पिनेला लाल दोरा आणि शिशाचं सील लावलेलं होतं.

शुभाने ते अंगावर चढवलं. छातीचा पट्टा बांधला तर तो वर सरकून गळ्याशी आला. मांड्यांचे पट्टे बांधले तेव्हा खांद्यावरून खाली येणारे पट्टे इतके ताणले गेले की तिला ताठ उभं राहता येईना. ती ओझं उचलल्यासारखी वाकून उभी राहिली. आणि एवढं असूनही मांड्यांच्या पट्ट्यांतून माझा अख्खा पंजा आत जात होता.

"थोडं टाइट करायला लागेल," असं म्हणत चंद्रप्रकाश तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि मांडीच्या पट्ट्याला हात घातला. पट्टा ओढून झाला तरी हात तिथून निघाला नाही.

"मी ओढते," शुभा म्हणाली.

"मापाचं काम आहे ताई. डॉक्टरसमोर लाजतो का आपण?"

"मी ओढते म्हटलं ना."

तो हसत उठला. मी समोर खुर्चीत बसलो होतो. माझ्या हातात चहाचा कप होता. हलवायाने लाडवाच्या ताटात न धुतलेला हात घातला तर मी त्याचं दुकान बंद केलं असतं. इथे मी कप खाली ठेवला आणि गप्प राहिलो.

"यात मला ताठ उभं राहता येत नाही," शुभा मला म्हणाली.

उत्तर चंद्रप्रकाशने दिलं. "हवेत कोण ताठ उभं राहतं? आणि मांडीत ढिलं वाटतंय तर आत टॉवेल भरा. नाहीतर महिनाभर लस्सी प्या."

मी त्याला वरचा कप्पा उघडून दाखवायला सांगितलं. त्याने सील बोटाने हलवलं. "काका, हे तोडलं की पुन्हा तज्ज्ञाकडून घडी करून घ्यावी लागते. सील आहे म्हणजे आतलं सगळं ओके आहे." मग त्याने खिशातून एक कार्ड काढलं. राखीव छत्रीची दर चार महिन्यांनी नव्याने घडी करायची असते. त्या घड्यांच्या तारखा आणि सह्या त्यावर ओळीने होत्या.

आणि मी विश्वास ठेवला. हयातभर मी नमुन्यांच्या बाटल्यांना सीलं लावली होती. सील म्हणजे माझ्या दृष्टीने शेवटचा शब्द. शुभा अजून त्या पट्ट्यांशी झगडत होती, तिला मी म्हणालो, "पहिल्यांदाच घातलंयस. सवय होईल." तिने माझ्याकडे पाहिलं, पण वाद घातला नाही. तिच्या दोन वर्षांच्या बचतीतला मोठा भाग त्या टेबलावर ठेवून आम्ही ती पिशवी रिक्षातून घरी आणली.

त्यानंतर ती रोज कामावरून आल्यावर अर्धा तास ते अंगावर चढवून फिरायची. चौथ्या दिवशी तिच्या उजव्या खांद्यावर लाल वळ उठला. डाव्या बाजूला काहीच नव्हतं. पिशवी आम्ही कपड्यांच्या कपाटात ठेवत होतो. दहाव्या दिवशी मी रुमाल काढायला कपाट उघडलं आणि तिथेच थबकलो.

तो वास मी झोपेतही ओळखला असता. पिठाच्या गोदामांत, पोत्यांच्या थप्पीमागे येतो तो. उंदराच्या मुताचा.

मी सगळे कपडे बाहेर काढले. कोपरे पाहिले. कपाट स्वच्छ होतं. मग मी पिशवीच्या वरच्या कप्प्याला नाक लावलं आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसं. गाळ्यातल्या फिनेलचा अर्थ मला तेव्हा लागला.

सील मी तोडलं असतं तर चंद्रप्रकाश हात वर करून मोकळा झाला असता. कुणीतरी जाणकार हवा होता. आमच्या ऑफिसातला शिपाई राजाराम मालवणकडचा. त्याचा एक मावसभाऊ हवाई दलात पॅराशूटांच्या घड्या करण्याच्या कामावर होता आणि आता देवनारला ताडपत्र्या शिवत होता, असं त्याने कधीतरी सांगितलेलं मला आठवलं. नाव लवू.

देवनार म्हटलं की मी नेहमी काही ना काही कारण काढून टाळाटाळ करायचो. एका बाजूला कत्तलखाना, दुसऱ्या बाजूला कचऱ्याचे डोंगर, सतत धुमसणारे. रविवारी सकाळी बसमधून उतरलो तेव्हा मी नाकाला रुमाल लावला होता. शुभाच्या खांद्यावर पिशवी होती. घारी इतक्या खाली घिरट्या घालत होत्या की त्यांच्या पंखांचा आवाज यायचा. लवूची शेड पत्र्याची होती. शेजारच्या गटारातून जे वाहत होतं त्याकडे मी एकदाच पाहिलं आणि परत पाहिलं नाही. अशा जागी माझ्या मुलीचा जीव ज्यावर अवलंबून आहे ती वस्तू उघडायची, या विचाराने मला शिसारी आली.

लवू बुटका, रुंद, साठीकडे झुकलेला माणूस होता. चष्म्याला मागे नाडी बांधलेली. राजारामने निरोप दिला होता, त्यामुळे त्याने काही विचारलं नाही. त्याने आधी बादलीजवळ जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. नखं पाहिली. मग ट्रंकेतून धुतलेली चादर काढून जमिनीवर अंथरली आणि म्हणाला, "हां, आता ठेवा हय."

मी नाकावरचा रुमाल काढून खिशात घातला.

त्याने आधी राखीव कप्पा उघडला नाही. "आधी पोरगी बसता काय ता बघूया," तो म्हणाला. शेडच्या लोखंडी तुळईला ताडपत्री उचलायची साखळी होती. त्याने शुभाला पट्टे चढवायला लावले. स्वतः लांब उभा राहून कोणता पट्टा कुठून घ्यायचा ते तिला सांगत राहिला. तिच्या अंगाला त्याचा हात लागला नाही. मग खांद्यावरच्या कड्या साखळीला अडकवून त्याने तिला जमिनीपासून वीतभर वर उचललं. खाली ताडपत्र्यांच्या घड्या टाकल्या होत्या.

ती लोंबकळली आणि लगेच तिचा चेहरा आक्रसला. छातीचा पट्टा हनुवटीखाली रुतला होता. पिशवी पाठीवरून सरकून मानेवर आली होती.

"बघा," लवू मला म्हणाला. "ह्या माझ्यासारख्या बुटक्या, जाड्या माणसाच्या मापाचा. खांद्यापासून मांडीपर्यंतचो पट्टो आखूड. उंच माणसाक हो लांब होयो. आणि पाय बारीक, म्हणान शेवटपर्यंत ओढलो तरी ढिलो." मग शुभाला म्हणाला, "बाय, आता फुडे वाक. पाय पोटाशी घे. भिया नको, मी आसय."

शुभा पुढे वाकली. तिने गुडघे वर घेतले आणि तिचा डावा खांदा पट्ट्यातून अलगद बाहेर आला. मांडीचा पट्टा गुडघ्याकडे घसरला. ती डोकं खाली करून त्या पट्ट्यांच्या साजातून सुटत गेली, पिशवीतून वस्तू घसरावी तशी, आणि ताडपत्र्यांवर पडली. सगळं इतक्या शांतपणे झालं की मला हलायलाही वेळ मिळाला नाही. पट्टे वर साखळीला तसेच बांधलेले होते. एकही बकल सुटलेलं नव्हतं.

शुभा उठून बसली आणि वर रिकाम्या पट्ट्यांकडे बघत राहिली.

"छत्री उघडताना झटको बसता," लवू म्हणाला. "माणूस वाकडो असलो तर अशीच गत."

मग तो चादरीवर मांडी घालून बसला. कार्ड हातात घेऊन त्याने मला विचारलं, "साहेब, ह्या तुमी वाचलास?" मी हो म्हटलं. त्याने ते माझ्यापुढे धरलं. पाच वर्षांच्या तारखा, एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेल्या. हॉटेलवाल्याचं असलं रजिस्टर मी त्याच्या तोंडावर फेकलं असतं. त्या गाळ्यात मात्र मला ते दिसलं नव्हतं.

त्याने दोरा कापला. पिन ओढली. कप्प्याची पानं उघडली.

वर एक हातभर पांढरं नायलॉन होतं, दिसण्यापुरतं. त्याखाली गोणपाट. त्याखाली कुणाच्या तरी जुन्या परकराच्या चिंध्या, तेलकट, कुजकट. गुजराती वर्तमानपत्राचे बोळे. आणि मधोमध, चिंध्या कुरतडून केलेल्या खळग्यात, उंदराची पाच पिल्लं. मेलेली, वाळलेली, सुपारीच्या खांडांएवढी. उंदराची मादी कधीतरी कुठून तरी आत शिरली असणार, आणि परत जायची वाट बंद झाल्यावर पिल्लं तशीच राहिली असणार. एका पिल्लाला मुंग्या लागून गेल्या होत्या.

शुभाने वाकून ते सगळं नीट पाहिलं, प्रयोगशाळेत पाहावं तसं. मग म्हणाली, "यात दुसरी छत्रीच नाहीये."

"छत्रेचा कापड इकल्यानी," लवू म्हणाला. "चांगलां नायलॉन. परकर शिवतत, मांडवाच्या झालरी करतत. आणि वजन भरूक ह्या घातल्यानी." तो उठला, दारापर्यंत गेला आणि बाहेर थुंकला. "वीस वर्सां मी घडयो केलंय. रात्री झोप येय नाय, माझी एखादी उघडली नाय तर काय, म्हणान. आणि ह्यो माणूस..." परत जाऊन त्याने कोपरापर्यंत हात धुतले.

मी शेडच्या बाहेर जाऊन ओकलो. गटाराच्या काठावर, कत्तलखान्याच्या वाऱ्यात उभा होतो, पण ओकारी त्या वासाची नव्हती. ही मुलगी दोन महिन्यांनी तीन हजार फुटांवर विमानाच्या दारात उभी राहणार होती, आणि तिच्या पाठीवर मेलेले उंदीर असणार होते. मीच ते रिक्षातून घरी आणलं होतं.

परतीच्या बसमध्ये मी शुभाला म्हणालो, "त्या दिवशी तू 'मी ओढते' म्हणालीस, तेव्हा मी बोलायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. मग म्हणाली, "सवय होईल असं तरी म्हणायला नको होतं."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि एकटाच अंधेरीला गेलो. त्या चिंध्या, गोणपाट आणि पिल्लं मी काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत भरली होती, नमुना भरतात तशी, वर चिठ्ठी लावून. बरणी मी चंद्रप्रकाशच्या टेबलावर ठेवली.

त्याने ती जरा बाजूला सरकवली. "सील कुणी तोडलं?"

"मी तोडून घेतलं."

"मग माल परत होणार नाही काका. वॉरंटी गेली."

"आत छत्री नाही."

"मुख्य छत्री आहे ना? ती एक नंबर आहे. दुसरी कुणाची उघडायची वेळ येते? दहा वर्षं धंदा करतोय, एकाचीही तक्रार नाही."

"तक्रार करायला तो माणूस उरेल का?"

चंद्रप्रकाश चहात चमचा फिरवत होता. "तेच म्हणतोय ना," तो म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला आपण काही भयंकर बोललो असं वाटलेलंच नव्हतं. दुधात पाणी घालणारे मी पाहिले होते, मिरचीपुडीत विटांचा भुगा घालणारे पाहिले होते. पकडल्यावर ते पाया पडायचे, रडायचे, मुलांची शपथ घ्यायचे. त्यांना निदान माहीत असायचं. या माणसाने मला चहा विचारला. मी बरणी उचलली आणि बाहेर आलो. पहिल्या दिवशी तिथल्या कपाला माझे ओठ लागले होते, हे आठवून मी रस्त्याच्या नळावर तोंड धुतलं, दोनदा.

शुभाने पुढचं काम केलं. पुढच्या रविवारी मंडळाची बैठक घाटकोपरच्या एका शाळेत होती. तिने फोन करून, घरी जाऊन, वर्गाला नाव दिलेल्या प्रत्येकाला सांगितलं की ज्यांनी स्वतःचे सेट घेतलेत त्यांनी ते घेऊन या. लवूलाही तिने आणलं. तो धुतलेला शर्ट घालून, चादर काखेत घेऊन आला.

कॅप्टन सोंधी आधी हसला. "मुख्य छत्री उघडतेच. तुम्ही मुलांना घाबरवताय."

"उघडते तर मग बघायला काय हरकत आहे?" शुभा म्हणाली.

चौघांनी चंद्रप्रकाशकडून घेतलं होतं. लवूने शाळेच्या हॉलमध्ये चादर अंथरली आणि एकेक कप्पा उघडला. दोघांच्यात छत्र्या होत्या, जुन्या पण धड. तिसऱ्याच्यात गोणपाट. चौथा सेट नंदकिशोर नावाच्या घाटकोपरच्याच मुलाचा होता. तो गेल्या वर्षीच्या वर्गात दोनदा उडी मारून आला होता, त्यामुळे बाकीची मुलं त्याच्याभोवती असायची. त्याच्या कप्प्यातून लवूने सोफ्याचा फोम काढला. पिवळा पडलेला, बोटांत भुगा होणारा. वरून घामट वास.

नंदकिशोर हसला. "म्हणजे मी दोन वेळा..." असं म्हणून तो परत हसला. मग त्याने तो फोम हातात घेऊन दाबून पाहिला आणि हॉलच्या पायरीवर जाऊन बसला. शुभा त्याच्यासाठी पाणी घेऊन गेली.

मी सोंधीला बाजूला घेऊन विचारलं, त्याला माहीत होतं का. "रिझर्व्ह छत्र्या जुन्या असतील असं तो म्हणाला होता," सोंधी म्हणाला. "नाहीतच, असं नव्हता म्हणाला."

"आणि प्रत्येक गिऱ्हाइकामागे तुम्हाला काय मिळत होतं?"

"तेवढं सगळेच घेतात," तो म्हणाला.

मला त्या दोघांतला कोण जास्त ओंगळ, ते आजही ठरवता आलेलं नाही. एकाने चिंध्या भरल्या. दुसऱ्याने विचारायचं टाळलं.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली. बरणी त्यांनी ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी गाळ्याला कुलूप होतं आणि चंद्रप्रकाशचा पत्ता कुणालाच माहीत नव्हता. मंडळाने सोंधीला काढलं आणि वर्ग रद्द केला. शुभाचे पैसे गेले ते गेलेच.

नलिनीला वाटलं, आता हे खूळ संपलं. मलाही तसंच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर मला आवडलं असतं. पण शुभा दर दोन आठवड्यांनी रविवारी देवनारला जाऊ लागली. लवू तिला घडी शिकवत होता, जुन्या ताडपत्रीवर. त्याची बायको सोनूबाई तिला माशांचं सार आणि भात वाढायची. शुभा घरी आली की मी तिला आधी आंघोळीला पाठवायचो. ती हसायची आणि जायची.

नलिनीची बहीण क्षमा जर्मनीत असते. तिकडे असल्या वस्तू रीतसर दुकानांत मिळतात. तिला पाठवायला लवूने शुभाची मापं घेतली, म्हणजे सोनूबाईने टेप धरली आणि लवूने लांबून सांगितलं. मानेच्या हाडापासून बैठकीपर्यंत. खांद्यापासून मांडीच्या सांध्यापर्यंत. मांडीचा घेर, छातीचा घेर, बुटांसकट वजन. शुभाने ती इंग्रजीत उतरवून घेतली. त्याखाली लवूने तिच्याकडून आणखी काही लिहून घेतलं : शिकाऊ माणसाचा सेट पाहिजे, खांद्यापासूनचे पट्टे लांब करता येतील असा. मांडीचे पट्टे अगदी बारीक होईपर्यंत ओढता आले पाहिजेत. आणि छत्री मोठी, हळू उतरणारी.

"मावशेक लिही, दुकानवालो ल्हान छत्री दाखवतलो," तो तिला म्हणाला. "दिसाक झकास. पण पयल्या खेपेक ती जमनीर आपटता. आणि बाय, कोणी म्हणालो की सवय होतली, तर तिका दुकानातून भायर पडाक सांग."

मी शेजारी बसलो होतो. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी चपलांकडे बघत राहिलो.

सेट पुढच्या ऑक्टोबरात आला. क्षमाच्या नवऱ्याने तो सोबत आणला. सहारच्या विमानतळावर कस्टम्सच्या माणसाने तो उघडायला लावला तेव्हा शुभा त्याला एवढंच म्हणाली, "जरूर उघडा. फक्त आधी हात धुऊन या." तो वैतागला, पण त्याने कागद पाहून शिक्का मारला. देवनारला लवूने दोन्ही छत्र्या बाहेर काढून शिवण न् शिवण तपासली. त्यात त्याचा अख्खा दिवस गेला. मग शुभा साखळीला लटकली. वाकली, पाय पोटाशी घेतले, उलटी झाली. साज तिच्या अंगावर होता तिथेच राहिला. मग सरळ करून तिला त्याने तासभर लटकत ठेवलं आणि मधूनमधून विचारत राहिला, मुंग्या येतात का, मान अवघडते का. दोन पट्टे त्याने अर्धा-अर्धा इंच बदलले.

जानेवारीत तिने दुसऱ्या एका संस्थेच्या वर्गात पहिली उडी मारली. मी, नलिनी आणि लवू गेलो होतो. धावपट्टीच्या कडेला इतर मुलांच्या पिशव्या मांडून ठेवल्या होत्या. एकाच्या पिशवीवर तेलाचा डाग होता, एकीची कड उसवलेली होती. मला त्यांच्याकडे बघवेना. त्या प्रत्येकात काय आहे कुणी पाहिलं असेल का, एवढाच विचार डोक्यात फिरत होता. मी उठून एका अनोळखी मुलाला विचारलंसुद्धा, "तुझी राखीव छत्री तू स्वतः पाहिलीस का?" त्याला मी विक्षिप्त म्हातारा वाटलो असणार.

विमान वर गेलं. नलिनीने डोळे मिटले. विमानाच्या दारातून एक बारीक, लांब आकृती सुटली आणि तिच्यावर पांढरी छत्री उघडली. मी ती छत्री बघत होतो. लवू छत्रीखालचं माणूस बघत होता, चष्मा हाताने धरून.

"ताठ आसा," तो म्हणाला. "बसली हा बरोबर."

शुभा ज्वारीच्या शेताच्या कडेला उतरली, पडली, उठली. तिच्या गुडघ्याला खरचटलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा तिने छत्री गोळा करून दोन्ही हातांत धरली होती आणि ती काही बोलण्याच्या आधीच लवूने विचारलं, "खय टोचला?"

"कुठेच नाही."

"नीट आठव."

तिने दोन्ही खांदे हलवून पाहिले. कॉलर बाजूला करून दाखवली. दोन्हीकडे पट्ट्याच्या पुसट खुणा होत्या, सारख्याच रुंदीच्या, सारख्याच जागी. लवूने त्या पाहिल्या आणि मान हलवली. मग त्याने काखेतली चादर गवतावर अंथरली, छत्रीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि ताणून धरायला सांगितलं. दुपारी तिची दुसरी उडी होती.